चेहऱ्यावरचे पाणी

दसऱ्याच्या आधीच्या शुक्रवारी आमच्या वर्तमानपत्राच्या सातव्या पानावर, हरवलेली पासबुके आणि बदललेली नावे यांच्यामध्ये, कर्वेनगरच्या एका मोडी वाचकाचे जाहीर प्रगटन छापून आले. ते त्यांनी स्वतःविरुद्ध दिले होते. हडपसरला शेतांमधून काचेच्या इमारती वर यायला लागल्या, त्या वर्षीची ही गोष्ट.

मजकूर पुढे देते. आधी माणूस.

सगळे त्यांना मोडीवाले म्हणत. सरकारी दफ्तरात जुने कागद लावण्याची नोकरी करून ते निवृत्त झाले होते. सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या, मागच्या खोलीला उत्तरेकडे खिडकी, खिडकीशी उतरते मेज. मराठी पूर्वी ज्या लिपीत भराभर लिहिली जाई ती मोडी वाचणारे शहरात मोजके उरले होते, आणि नेमक्या त्याच वर्षांत कडेच्या गावांतल्या जमिनींना भाव आला. पेट्यांतून, माळ्यांवरून, देव्हाऱ्यांमागून पणजोबांचे कागद बाहेर पडले. ते वाचल्याशिवाय कुणाचा किती हिस्सा हे ठरत नव्हते. मोडीवाल्यांच्या दारात सकाळपासून चपलांची रांग लागे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तक्रार केली तेव्हा ते म्हणाले, "चपला बाहेर आहेत याचा आनंद माना. माणसं आत आहेत."

ते दहा ते चार वाचत. ट्यूबलाइटखाली कधीच नाही. बसण्याआधी साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे आणि दोन्ही तळवे पत्नीपुढे, म्हणजे आमच्या काकूंपुढे, धरायचे. काकू स्वयंपाकघरातूनच बघून "पास" म्हणायच्या. मग कागद. तो मेजावर थेट ठेवत नसत. आधी पाट, त्यावर धुतलेले पंच्याचे फडके, त्यावर कागद. ज्याचा कागद असेल त्याने वाचन होईपर्यंत उभे राहायचे.

एकदा जमीन विकायला निघालेला एक गृहस्थ गुडघे धरून म्हणाला, "काका, बसतो जरा. फार दुखतात."

"तुमचे पणजोबा बोलताहेत. ते समोर असते तर बसला असतात?"

"पण गुडघे..."

"त्यांचेही दुखत असतील. नांगरामागे चालायचे ते."

काकू आतून म्हणाल्या, "आमच्याकडे असंच आहे हो. कागद पाटावर आणि माणसं उभी."

कागद आधी उलटा करून पाहायचा, हा त्यांचा सर्वांत जुना नियम. वाटणी झाली, सह्या झाल्या, कागद घरी गेला, की पुढे जे ठरेल ते जुने लोक त्याच कागदाच्या पाठीवर लिहीत. "पुढची बाजू सगळे जपून लिहितात," ते म्हणत. "आठवण राहिली ती मागे असते." म्हणून झेरॉक्स ते हातात घेत नसत. कुणी पुढे केलीच तर दोन बोटांनी उचलून खिडकीशी धरायचे आणि परत द्यायचे. "याला पाठ कुठंय?"

ते कसे वाचत, हे मला लिहून दाखवता येत नाही. मोडीत शब्द सुटे नसतात. ओळ सलग धावते. लिहिणाऱ्याने बोरू शाईत बुडवला की पुढचे अक्षर गडद उमटते. मोडीवाले नेमके तिथे श्वास घेत. शाई फिकट होत गेली की त्यांचा आवाजही उतरत जाई, आणि गडद अक्षर आले की पुन्हा भरून येई. त्यामुळे ऐकणाऱ्याला मजकुराबरोबर कुणीतरी लिहीत बसले आहे असे वाटे. मी कोर्टाच्या बातम्या करत असे. तिथे दिवसभर कागद वाचले जातात, पण असे वाचलेले मी पुन्हा ऐकले नाही.

एकदा मी टेपरेकॉर्डर घेऊन गेले आणि एक अख्खे वाचन टेप केले. पुढच्या आठवड्यात एका सॉफ्टवेअर कंपनीची पत्रकार परिषद होती, हाताशी दुसरी कॅसेट नव्हती. त्याच बाजूवर ती टेप केली. कॅसेट माझ्याकडे अजून आहे. तिच्यात एक गृहस्थ इंग्रजीत हडपसरच्या भवितव्याबद्दल बोलतात. शेवटी पंधरावीस सेकंद जुना आवाज उरला आहे. "इतकियावर दस्तुर" एवढे ऐकू येते, आणि ज्याचा दस्तुर, म्हणजे ज्याच्या हातचे अक्षर, त्याचे नाव येण्याआधी पट्टी संपते.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ते एका शब्दासाठी. एका बिल्डरने आमच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावला होता. उपसंपादक म्हणाले, निकाल लागेल तेव्हा लागेल, तोवर अब्रू या शब्दावर एक चौकट कर. कोर्टातल्या एका कारकुनाने मला कर्वेनगरचा पत्ता दिला आणि मी कशासाठी येतेय ते त्यांना फोनवर कळवले.

"काय वार्ताहर," दार उघडतानाच ते म्हणाले, "कुणाची गेली?"

"एका बिल्डरची. आमच्यामुळे गेली म्हणतो. भरपाई मागितलीय."

"होती, हे सिद्ध केलंय का त्यानं?"

मग त्यांनी शब्द सोडवून दाखवला. फारसीतला. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. चेहऱ्यावरचे पाणी. "पाणी म्हणजे तांब्यातलं नव्हे. मोत्याला असतं ते. आबदार मोती म्हणतो ना आपण? दरबारी कागदांतून आला आणि गावाच्या चावडीपर्यंत उतरला. आता आपल्याला तो परका वाटत नाही."

एवढ्याने माझी चौकट झाली असती. पण त्यांनी फळीवरून सुतळीने बांधलेला एक गठ्ठा काढला. ज्या ज्या कागदात अब्रू हा शब्द भेटला, ते वाक्य त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे उतरवून ठेवले होते. नोकरी लागल्यापासूनच्या चिठ्ठ्या होत्या. ते एकेक वाचत गेले. कुणी धन्याला विनवले होते की माझी अब्रू आपण राखावी. कुणी लिहिले होते, पंचांनी अब्रू दिली. कुणाची अब्रू सासरच्यांनी झाकली होती, कुणाची भावाने वाढवली होती.

"काय दिसतं?" त्यांनी विचारले.

मला काही दिसले नाही.

"आपली अब्रू आपणच राखली, असा एक कागद यात नाही. एक दाखवा, जेवायला घालीन. प्रत्येक ठिकाणी राखणारा दुसरा आहे. आणि बरोबर आहे. चेहरा माझा, पण त्यावरचं पाणी मला दिसतं का? समोरच्याला दिसतं. म्हणजे ते त्याच्याच ताब्यात."

"म्हणून म्हणते, रोज दाढी करत जा," काकू म्हणाल्या.

ती चौकट छापली गेली नाही. त्या दिवशी पेजरची अर्धे पान जाहिरात आली. उपसंपादक म्हणाले, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी दावा आपसात मिटला. शब्दाचे काम राहिले नाही. मोडीवाल्यांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. "पेजरला पाठ असते का हो?" एवढेच त्यांनी विचारले. त्यानंतर मी काम नसतानाही जाऊ लागले.

पुढच्या वर्षी त्यांच्या डोळ्यांतले मोतीबिंदू काढले. महिनाभर वाचन बंद होते. तेवढ्यात जमिनीच्या एजंटांमध्ये एक वाक्य फिरले, की म्हातारा आता अंदाजाने वाचतो. ते त्यांच्यापर्यंत पोहोचले होते. मला त्यांनी एकदा विचारले, "तुमच्या कोर्टात काही बोलतात का, माझ्याबद्दल?" मी नाही म्हणाले. ते खरे नव्हते. त्यांना ते कळले असावे, कारण त्यांनी लगेच चहाची चौकशी केली, आणि वाचनाच्या वेळेत ते कधी चहा घेत नसत.

डोळ्यांवरची हिरवी पट्टी निघाल्यानंतर पहिला कागद आला तो हडपसरचा. दोन भावांचे वाटणीपत्र. घेऊन आलेल्या एजंटाच्या हातात झेरॉक्स होती, दुप्पट मोठी केलेली. मूळ कागद कर्जापोटी बँकेत होता. यापुढचे काही प्रसंग मी पाहिलेले नाहीत. काकूंनी सांगितले तसे लिहिते.

"याला पाठ नाही," मोडीवाले म्हणाले.

"काका, तुमच्या डोळ्यांसाठी मुद्दाम मोठी करून आणलीय. जमत नसेल तर राहू दे, बळजबरी नाही. स्वारगेटला एकजण आहेत, ते वाचतात झेरॉक्सवरून."

मोडीवाल्यांनी कागद ठेवून घेतला. एकदाही न अडखळता वाचला. देवनागरीत उतरवून खाली सही केली, शिक्का मारला. त्या संध्याकाळी त्यांनी काकूंना शिरा करायला सांगितला.

त्या कागदावर हडपसरच्या जुन्या गावात एक निकाल लागला. साळूबाई नावाच्या साठीच्या बाई होत्या. विहिरीकडची एक पट्टी त्यांचे घर तीन पिढ्या कसत आले होते. पट्टी त्यांच्या आजीला, आईच्या आईला, तिच्या बापाने चोळीबांगडीसाठी, म्हणजे लेकीच्या स्वतःच्या खर्चाला म्हणून दिलेली, असे त्या सांगत. सात-बारावर मात्र नाव आजीच्या माहेरच्या घराण्याचेच होते. सगळी जमीन एका सॉफ्टवेअर कंपनीला विकायची ठरली तेव्हा त्या घरच्या भावांनी लिप्यंतर पुढे ठेवले. त्यात लेकीचा, पट्टीचा उल्लेख नव्हता. गावाच्या दृष्टीने साळूबाई खोटे बोलत होत्या, आणि आजीपासून त्यांचे घर खोटे बोलत आले होते.

गावाला जमिनीपेक्षा वेगळी शिक्षा माहीत होती. चैत्रातल्या जत्रेला पालखी निघाली की ती उचलणाऱ्यांच्या पायांवर पाण्याचा पहिला तांब्या साळूबाईंच्या घरचा पडे. त्या चैत्रात तो दुसऱ्या घराला दिला. साळूबाई दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या आणि पालखी पुढे गेली.

वैशाखात त्या दोन बस बदलून कर्वेनगरला आल्या.

"मागल्या अंगाला वाचलं का तुमी?" त्यांनी उंबऱ्यातूनच विचारले.

"कागद बोलतो तेवढंच मी बोलतो, बाई."

"मागल्या अंगाला बी बोलतोय त्यो. हिरीकडची पट्टी चोळीबांगडीला दिली म्हून. माज्या आजीनं कानानं ऐकलंय."

"ऐकलेलं वेगळं, लिहिलेलं वेगळं."

"मंग मी लबाड हाय?"

"असं मी म्हटलेलं नाही."

"तुमी कशाला म्हनताय. तुमचा शिक्का म्हनतोय."

काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. साळूबाईंनी तो घेतला नाही. त्या गेल्यावर मोडीवाले काकूंना म्हणाले, "सगळ्यांच्या आज्या काही ना काही सांगतात." काकू तांब्या आत घेऊन गेल्या. हे मला सांगताना त्या म्हणाल्या, "तेव्हाच म्हणायला हवं होतं मी, की तुम्ही पाठ बघितली नाहीत. मला माहीत होतं ना. मीच शिरा केला होता."

भाद्रपदात कंपनीच्या वकिलांनी मूळ कागद बँकेतून काढला आणि तुमच्या लिप्यंतराशी ताडून पुन्हा सही द्या म्हणून पाठवला. मोडीवाल्यांनी हात धुतले, तळवे दाखवले, काकू "पास" म्हणाल्या. त्यांनी पाटावरचा कागद उलटा केला. पाठीवर चार ओळी होत्या. चार वाजेपर्यंत ते तसेच बसून राहिले. जेवायलाही उठले नाहीत.

पाठीसह नवे लिप्यंतर त्यांनी दुसऱ्या दिवशी वकिलांकडे दिले. वकील सभ्यपणे म्हणाले, खरेदीखत झालेले आहे, बाईंनी दावा लावलेला नाही, चार ओळींवर साक्षीदारही नाहीत. आता हे उकरून आपल्यालाच त्रास. एका आठवड्याने मोडीवाले आमच्या कार्यालयात आले. छोट्या जाहिरातींच्या खिडकीवरच्या कारकुनाने मला वर फोन केला. "खाली या जरा. तुमचे काका ऐकत नाहीयेत."

मी गेले तेव्हा तो त्यांना समजावत होता.

"अहो काका, प्रगटन कुणाविरुद्ध तरी असतं. मुलगा ऐकत नाही, भागीदार पळाला, पॉवर ऑफ ॲटर्नी रद्द. तुमचं कुणाविरुद्ध आहे?"

"माझ्या."

"मग खाली सही कुणाची?"

"माझीच. दोन्ही पक्ष एकत्र आलेत, तुमचं काम सोपं झालं."

"हे कुठल्या सदरात घालू मी?"

"नावात बदल आहे ना एक सदर? त्यात घाला."

मी मजकूर वाचला. तो पुढीलप्रमाणे होता. नावे आणि गट क्रमांक मी गाळते.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, मौजे हडपसर येथील एका वाटणीपत्राचे मोडीवरून लिप्यंतर मी माझ्या सहीशिक्क्याने दिले. ते देताना मी मूळ कागद पाहिला नाही व कागदाची पाठ वाचली नाही. विहिरीकडील पट्टी लेकीस चोळीबांगडीबद्दल दिल्याचे पाठीवर लिहिलेले आहे. साळूबाई यांनी मला हे समक्ष सांगितले असता मी ते मानले नाही. त्या खरे बोलत होत्या. कागद वाचण्यात कसूर माझी आहे."

"मूळ कागद बँकेत होता, डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, एवढं तरी घाला," मी म्हणाले.

"कशाला? ते खरं आहे, पण त्याचा बाईंशी काय संबंध?"

"हे छापल्यावर तुमच्याकडे कोण येईल?"

त्यांनी खिशातून पेन काढून शेवटच्या ओळीतले एक अक्षर नीट केले. "वार्ताहर, त्या बिल्डरनं तुमच्याकडे भरपाई मागितली होती. या बाईंनी मागितली नाही. म्हणून आकडा मला माहीत नाही. मजकूर घेऊन आलो."

शुक्रवारी प्रगटन छापून आले. शनिवारी मोडीवाल्यांच्या दारात तीन जोड चपला होत्या. त्या कागद परत न्यायला आलेल्यांच्या होत्या. पुढच्या आठवड्यात एकही नव्हती. एजंट आपसात म्हणत, म्हाताऱ्याने आपल्याच हाताने दुकान बंद केले. दिवाळीनंतर सोसायटीचे सेक्रेटरी एकदा दारात येऊन उभे राहिले. "काका, सगळं ठीक आहे ना? चपला दिसत नाहीत."

"तुमच्या तक्रारीची दखल घेतली," मोडीवाले म्हणाले.

दहा वाजता हात धुणे, तळवे दाखवणे, मेजाशी बसणे चालूच होते. पाटावर कागद नसे. मी जाई तेव्हा ते गठ्ठ्यातल्या चिठ्ठ्या काढून लावत बसलेले असत. मी एकदा म्हटले, एखादी चिठ्ठी वाचून दाखवा. ते म्हणाले, "ह्या माझ्या अक्षरात आहेत. ह्यात श्वास कुठं घ्यायचा ते कळत नाही."

आता त्या सोसायटीच्या जागी सात मजली इमारत आहे. उत्तरेकडची खिडकी होती तिथे मोटारी लागतात. मोडीवाल्यांना जाऊन बरीच वर्षे झाली. गठ्ठा काकूंनी मला दिला. मी कुठे कर्वेनगरच्या बाजूला गेले की त्या गेटाशी थांबते. वॉचमन विचारतो, कुणाकडे जायचंय मॅडम. सांगता येईल असे नाव त्या इमारतीत नाही. कुणी कागद हातात दिला की मी अजून आधी पाठ बघते. हल्ली बहुतेक वेळा ती कोरी असते.

साळूबाईंच्या पट्टीचे पुढे काय झाले, हे मला खात्रीने सांगता येत नाही. आजीच्या माहेरच्यांनी काही दिले असे एका बाजूने सांगितले, काही दिले नाही असे दुसऱ्या बाजूने. दोन्ही तपासता आले नाही. कंपनीचे फाटक आज जिथे आहे, तिथे विहीर होती, एवढे गावातल्या चौघांनी वेगवेगळे सांगितले.

प्रगटनानंतरच्या चैत्रात मी जत्रेला हडपसरला गेले होते. चावडीच्या फळ्यावर सातव्या पानाचे कात्रण चिकटवलेले होते. कडा उन्हाने पिवळ्या पडल्या होत्या. पालखी निघाली. साळूबाईंच्या दारात थांबली. पहिला तांब्या त्यांनी ओतला. त्याची मी बातमी केली नाही.

त्यानंतर पंधरा दिवसांनी, सकाळी साडेदहाला, मी कर्वेनगरला होते. दारावर थाप पडली. साळूबाई होत्या. काखेत कापडात गुंडाळलेली पत्र्याची नळी होती.

"ह्यो दुसरा, माज्या म्हायेरचा कागूद हाय," त्या मोडीवाल्यांना म्हणाल्या. "वाचून द्या."

"स्वारगेटला एकजण आहेत," मोडीवाले म्हणाले.

"त्येंचं मला काय करायचंय? तुमी वाचा."

"माझं छापून आलंय, बाई. तुम्ही वाचलंत ना?"

"नातवाकडनं दोनदा वाचून घेतलंय. म्हून तर आले."

मोडीवाले उठले. हात धुतले, पुसले आणि तळवे पुढे धरले. काकू बाहेर येऊन "पास" म्हणाल्या. त्यांनी साळूबाईंसाठी खुर्ची सरकवली.

"ऱ्हाऊ द्या," साळूबाई म्हणाल्या. "उभं ऱ्हाऊन ऐकायचं अस्तंय म्हनं तुमच्याकडं."

मोडीवाल्यांनी नळीतून कागद काढला, पाटावर पसरला आणि उलटा केला. पाठ कोरी होती. "मागे काही लिहिलेलं नाही," ते म्हणाले आणि साळूबाईंनी वाकून पाहीपर्यंत थांबले. मग कागद सुलटा करून वाचायला लागले.

वाचन पाऊण तास चालले. ते संपल्यावर काकूंनी पाण्याचा तांब्या आणला. साळूबाईंनी तो घेतला.